सह्याद्रीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे : कर्वेनगर ते चांदोली प्रवासाचे नियोजन

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगणे येथे हलविला. त्या काळी हिंगण्याची वाट आडरानातून जात असे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे कर्वे ती पायी तुडवीत. आज हाच परिसर कर्वेनगर या नावाने पुणे शहराचा गजबजलेला भाग झाला आहे. शेजारच्या वारजे येथून बाह्यवळण महामार्ग जातो आणि पहाटे निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला सह्याद्रीच्या ऐन कुशीत पोहोचू शकते.

वाहन आणि रस्ता यांची सोय झाली, तरी प्रवास सुखरूप आणि अर्थपूर्ण होण्याची हमी त्यातून मिळत नाही. शनिवार-रविवारची सुटी मिळाली की अनेक मंडळी कोणतीही पूर्वतयारी न करता डोंगराकडे निघतात. फाटकाशी गेल्यावर उद्यान बंद असल्याचे कळते, अंधारात अनोळखी घाट उतरावा लागतो, किंवा दोन दिवस गाडीतच जातात आणि जंगल पाहावयाचे राहून जाते. हे टाळावयाचे तर नियोजन उलट्या दिशेने करावे लागते. आपल्याला किती ठिकाणे पाहावयाची आहेत, येथून आरंभ न करता उद्यान केव्हा, किती वेळ व कोणत्या अटींवर खुले आहे, येथून आरंभ करावा आणि मग घराच्या दारापर्यंत मागे यावे. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून ही पद्धत स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

उद्यानाची ओळख

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी पश्चिम घाटाच्या मुख्य रांगेवर वसलेले उद्यान म्हणजे चांदोली. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जेथे एकमेकांना भिडतात, तेथे वारणा नदीच्या उगमाकडील खोऱ्यात ते पसरले आहे. १९८५ साली या भागास अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २००४ साली ३१७.६७ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. उत्तरेकडील कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे मुख्यालय कोल्हापूर येथे आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

वारणा धरणाचा वसंतसागर जलाशय या उद्यानाच्या कुशीत आहे. जलाशयाच्या वर सदाहरित व निमसदाहरित वने असून जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा असे वृक्ष तेथे आढळतात. डोंगरमाथ्यावर जांभ्या खडकाची उघडी पठारे आहेत. त्यांना स्थानिक लोक ‘सडा’ म्हणतात. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्रा आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेला शेकरू यांचे हे घर आहे. वाघांची संख्या येथे फारच कमी राहिली असल्याने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून एक वाघीण येथे आणण्यात आली. तेव्हा हमखास व्याघ्रदर्शनाच्या अपेक्षेने येणाऱ्या प्रवाशाची निराशा होण्याचाच संभव अधिक. पाण्याच्या काठची पावलांची नक्षी, झाडाच्या सालीवरील अस्वलाचे ओरखडे, धनेशाच्या पंखांचा आवाज हेच येथील खरे दर्शन होय. सहलीस येणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवले, म्हणजे त्यांची दृष्टी योग्य गोष्टींकडे वळते.

ऋतूची निवड

नियोजनाचा पहिला निर्णय ऋतूचा. या भागात पाऊस प्रचंड पडतो. त्या काळात उद्यानातील कच्चे रस्ते वाहून जातात, ओढे दुथडी भरतात आणि उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. सड्यावरील फुलांचा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. तो पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी कास पठाराचा वेगळा प्रवास आखावा. तेथे हंगामात संख्येची मर्यादा असते व आगाऊ नोंदणी करावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत साधण्याचा अट्टहास बहुधा दोन्ही बिघडवितो.

चांदोलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा स्वच्छ असते, ओढ्यांना पाणी असते आणि थंडीमुळे मुलांना त्रास होत नाही. मार्च ते मे या काळात उष्मा वाढतो, गवत वाळते आणि वणव्याचे भय असते. मात्र पाणवठे आटल्यामुळे उरलेल्या पाण्यावर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. हिवाळ्याचा एक तोटा ध्यानात ठेवावा, तो म्हणजे दिवसाचा लहानपणा. डिसेंबरात सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो व सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो. खोल दरीत तर उजेड त्याआधीच जातो. म्हणजे प्रवाशाजवळ उजेडाचे अकराच तास असतात आणि सर्व नियोजन त्या अकरा तासांत बसवावयाचे असते.

उद्यान खुले होण्याची व बंद होण्याची तारीख, साप्ताहिक सुटी, प्रवेशाची वेळ, शुल्क, वाटाड्याची सोय आणि खाजगी वाहन आत नेता येते की नाही, या गोष्टी दरवर्षी बदलू शकतात. त्या ऐकीव माहितीवर सोडू नयेत. निघण्यापूर्वी किमान पंधरा दिवस वन विभागाच्या कार्यालयाकडे चौकशी करून परवानगी व मुक्काम निश्चित करावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात प्रवेश करणे हा परवानगीचा विषय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

डोंगरी उद्यानाने प्रवाशाला अटी घालाव्यात, यात नवल काही नाही. अमेरिकेतील माँटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ८० किलोमीटर लांबीचा एक प्रसिद्ध घाटरस्ता जातो. ‘गोइंग टू द सन’ या नावाचा हा रस्ता १९३३ साली खुला झाला. मोटारीतून निसर्ग पाहता यावा, या हेतूनेच तो बांधला गेला. तरीही बर्फामुळे त्याचा उंचावरील भाग वर्षातील बराच काळ बंद असतो आणि तो पूर्णपणे खुला होण्यास बहुधा जूनची अखेर किंवा जुलै उजाडतो. कड्यालगतच्या भागात २१ फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे. गर्दी अनावर झाल्यावर २०२१ पासून काही वर्षे हंगामात वाहनासाठी आगाऊ नोंदणीही सक्तीची करण्यात आली. केवळ पर्यटकांसाठी बांधलेल्या रस्त्याची ही कथा, तर वन्य प्राण्यांसाठी राखलेल्या चांदोलीत अटी असणे स्वाभाविकच आहे.

किलोमीटरांऐवजी तास मोजावेत

प्रवास आखताना होणारी सर्वसाधारण चूक म्हणजे अंतरावरून वेळ ठरविणे. समान अंतरास सर्वत्र समान वेळ लागत नाही. अंदाजासाठी महामार्गावर ताशी ५०, राज्यमार्गावर व गावांतून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ३० आणि घाटात वा जंगलातील रस्त्यावर ताशी २० किलोमीटर अशी सरासरी धरावी. महामार्गावर गाडी याहून वेगाने धावते खरी, पण पथकर नाके, वाहतुकीची कोंडी आणि रुंदीकरणाची कामे हिशेबात धरल्यास सरासरी खाली येते.

हा नियम कर्वेनगर–चांदोली मार्गास लावून पाहू. वारजे येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ (पूर्वीचा क्रमांक ४) गाठला की नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूर, शिरवळ, खंबाटकी घाट, सातारा व उंब्रज या मार्गाने कराड येते. हे अंतर सुमारे १६० किलोमीटर धरावे. कराडहून पुढे शेडगेवाडी, चरण, आरळा व मणदूरमार्गे वारणावतीपर्यंतचे अंतर हिशेबासाठी ७० किलोमीटर धरू. पहिल्या टप्प्यास सुमारे सव्वातीन तास व दुसऱ्यास सुमारे अडीच तास लागतील. न्याहारी, चहा आणि पाय मोकळे करणे यासाठी दीड तास ठेवला, तर एकूण वेळ सव्वासात तासांच्या घरात जातो.

सकाळी सहा वाजता निघालेले कुटुंब या हिशेबाने दीडच्या आत पोहोचते. वाटेत चाक पंक्चर झाले, मुलाला घाट लागला किंवा रस्ता चुकला, तरी दिवस मावळण्यापूर्वी चार-साडेचार तास हाताशी उरतात. तेच कुटुंब आरामात दहा वाजता निघाले, तर सव्वापाच वाजतात आणि सर्वांत अनोळखी रस्ता सर्वांत कमी उजेडात कापावा लागतो. दोन्ही प्रवासांत अंतर एकच आहे. फरक आहे तो राखून ठेवलेल्या वेळेचा. हा शिल्लक वेळ म्हणजे प्रवासाची राखीव गंगाजळी. तिला आधीच हात घालू नये.

तीन दिवसांचा आराखडा

दोन मुक्काम आणि तीन दिवस हे या प्रवासाचे योग्य परिमाण आहे.

पहिला दिवस पोहोचण्याचा. पहाटे निघून महामार्गावरच न्याहारी करावी. कराड येथे इंधनाची टाकी भरावी, रोख रक्कम व औषधे बरोबर असल्याची खात्री करावी. यापुढे या सोयी विरळ होत जातात. दुपारी मुक्कामी पोहोचून विश्रांती घ्यावी व वन कर्मचाऱ्यांकडून दुसऱ्या दिवसाच्या सूचना समजावून घ्याव्यात.

दुसरा दिवस संपूर्णपणे उद्यानाचा. प्रवेश सुरू होताच आत जावे. सकाळचे पहिले दोन तास पक्षी व प्राणी पाहण्यास सर्वोत्तम असतात. झोळंबीच्या सड्यासारख्या उंच जागेवरून वारणेचे खोरे आणि जलाशय यांचे विस्तीर्ण दृश्य दिसते. हा दिवस इतर कोणत्याही स्थळाशी वाटून घेऊ नये.

तिसरा दिवस परतीचा. सकाळी सातच्या सुमारास निघाल्यास कराडच्या प्रीतिसंगमावर तासभर थांबता येते. तेथे कृष्णा व कोयना या नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि तेथेच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. चांदोलीच्या उत्तरेकडील डोंगरांचे पाणी कोयनेत येते, दक्षिणेकडील वारणेत, आणि वारणाही पुढे कृष्णेसच मिळते. मुलांना जंगल, नदी आणि ऊसमळे यांचा संबंध समजावून देण्यास याहून चांगली जागा नाही.

नकाशावर कोयनानगर जवळ दिसते म्हणून तेही याच तीन दिवसांत बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा. कोयनेस जाण्यासाठी पाटणमार्गे वेगळी वाट धरावी लागते आणि चौथा दिवस हाताशी असेल तरच ते शक्य होते. आराखड्यातून एखादे ठिकाण वगळणे हाही नियोजनाचाच भाग आहे.

घाट आणि उतार

निघण्यापूर्वी वाहनाचे ब्रेक, टायर, स्टेपनी, दिवे आणि रेडिएटरमधील पाणी तपासून घ्यावे. विमा, पीयूसी व परवाना सोबत ठेवावा. अरुंद चढावर समोरासमोर वाहने आल्यास चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, हा रस्त्याचा नियम आहे. कारण चढावर थांबलेले वाहन पुन्हा हलविणे अवघड असते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही तितकीच खरी आहे. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी निकामी होतात.

या प्रवासातील अत्यंत धोक्याचा उतार जंगलात नाही, तो घराजवळ आहे. साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरी पुलापासून नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री याच उतारावर भरधाव आलेल्या एका मालमोटारीमुळे चाळीसहून अधिक वाहनांचा अपघात झाला. तीन दिवसांच्या प्रवासाने चालक थकलेला असतो, घर जवळ आल्याने मन सैल पडलेले असते आणि रविवारच्या रात्री गर्दीही असते. म्हणूनच हा टप्पा दिवसाउजेडी, कमी वेगाने आणि पुढील वाहनापासून पुरेसे अंतर ठेवून पार करावा. सकाळी लवकर परत निघण्याचे मुख्य कारण हेच होय.

वनालगतच्या रस्त्यावर संध्याकाळनंतर वाहन चालवू नये. गवा रस्त्यावर उभा असल्यास वाहन दूरच थांबवावे, कर्णा वाजवू नये, प्रखर दिवा डोळ्यांवर मारू नये आणि त्याला त्याच्या गतीने जाऊ द्यावे. दऱ्याखोऱ्यांत मोबाईल दूरध्वनीला नेहमीच संपर्क मिळत नाही. यासाठी मार्गाचा नकाशा कागदावर काढून घ्यावा आणि मुक्कामाचा पत्ता व परतीची वेळ घरी एका जबाबदार व्यक्तीस लिहून द्यावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, महामार्गावरील साहाय्यासाठी १०३३, सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक त्याच कागदावर असावेत.

उद्यानातील वर्तन

उद्यानात गेल्यावर वाटाड्याचे म्हणणे अंतिम मानावे. सांगितल्याशिवाय वाहनातून उतरू नये. माकडांना वा पक्ष्यांना खाणे देऊ नये. त्याने त्यांच्या सवयी बिघडतात व ती माणसावर धावून येऊ लागतात. विडी-सिगारेटचे थोटूक वाळलेल्या गवतात पडले, तर सडाच्या सडा पेटतो. वनात आग लावणे किंवा पेटती वस्तू टाकून जाणे हा कायद्याने गुन्हा आहे. प्लॅस्टिकची पिशवी आत न्यावी लागलीच, तर मोजून न्यावी आणि मोजून परत आणावी. फूल, बी, पीस किंवा दगड आठवण म्हणून उचलू नये.

ज्यांनी घरे सोडली

चांदोलीच्या निर्जन शांततेला एक इतिहास आहे. आज जेथे गव्यांचे कळप चरताना दिसतात, ती अनेक गवताळ कुरणे एकेकाळची भाताची खाचरे आहेत. झोळंबी हे आज पर्यटकांच्या तोंडी एका सड्याचे नाव असले, तरी पूर्वी तेथे नांदते गाव होते. वारणा धरण आणि अभयारण्य या दोहोंसाठी या खोऱ्यातील अनेक गावे उठली व त्यांतील कुटुंबे सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांच्या सखल भागात जाऊन वसली. जमीन, पाणी आणि नागरी सोयी यांच्या मागण्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षे अर्ज, मोर्चे आणि ठिय्या आंदोलने करावी लागली.

उद्यानात एखादी पडकी भिंत, तुळशीवृंदावनाचा चौथरा किंवा एकाकी उभे असलेले देऊळ दिसले, तर ते कोणाच्या तरी घरादाराची खूण आहे, हे जाणून तेथे आदराने वागावे. विस्थापितांच्या त्यागाची जाणीव नसलेले वनपर्यटन अपुरे होय. शिक्षकांनी ही बाजू विद्यार्थ्यांसमोर अवश्य मांडावी. विकासाचे आणि संरक्षणाचे मोल कोणी चुकविले, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकाइतकाच महत्त्वाचा आहे.

शाळा आणि ग्रामपंचायती यांचे कार्य

शालेय सहलीच्या नियोजनात विद्यार्थ्यांनाच सहभागी करून घेतल्यास सहलीआधीच अर्धे शिक्षण पूर्ण होते. एका गटाने सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा शोधाव्यात, दुसऱ्याने अंतर व वेळेचा हिशेब मांडावा, तिसऱ्याने नद्या व जिल्ह्यांच्या सीमा दाखविणारा नकाशा काढावा, चौथ्याने खर्चाचे अंदाजपत्रक करावे. आवश्यक त्या पूर्वपरवानग्या, पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी आणि पुरेसे शिक्षक यांची व्यवस्था शाळेने करावी. रात्रीचा प्रवास सहलीतून पूर्णपणे वगळावा.

उद्यानालगतच्या ग्रामपंचायतींनाही मोठी संधी आहे. स्वच्छ प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी, वाहनतळ, कचरा परत घेण्याची सोय आणि अचूक दिशाफलक एवढ्या गोष्टी असल्या, तरी प्रवासी गावात थांबतो. घरगुती भोजन, मुक्काम व वाटाड्याचे काम यांतून येणारा पैसा गावातच राहतो. व्याघ्र प्रकल्पांच्या सीमेवरील गावांसाठी राज्य शासनाने २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. वनावरील अवलंबन कमी करणे व पूरक रोजगार निर्माण करणे हा तिचा हेतू आहे. वन राखल्याने आपल्या घरात चार पैसे येतात, असा अनुभव गावकऱ्यांना आला, तर वनाला त्यांच्याइतका जागरूक राखणदार दुसरा मिळणार नाही. उलट, शहरातून सर्व शिदोरी घेऊन यावयाचे आणि गावासाठी केवळ कचरा ठेवून जावयाचे, असे पर्यटन कोणाच्याच हिताचे नाही.

कर्वेनगरहून निघणारा प्रवासी सव्वासात तासांत चार जिल्ह्यांच्या सीमेवरील प्राचीन वनात पोहोचतो. त्याच्या हाती ऋतूची माहिती, वेळेचा हिशेब, वन विभागाची परवानगी आणि सुस्थितीतील वाहन असेल, मनात तेथील जीवसृष्टीविषयी व ती भूमी सोडून गेलेल्या माणसांविषयी आदर असेल, तर त्याचा प्रवास सुखाचा होईल. तो परतल्यावर उद्यानही जसे होते तसेच राहील आणि त्याच्यामागून येणाऱ्यांना ते तसेच पाहावयास मिळेल.